बाबा, पाणी तोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "आज दिवसभरात जेमतेम दोन ग्लास पाणी घेतलंय यांनी." मागून तुमचा आवाज आला, "पिशवी कमी भरते ना!" तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, पाणी तोडलं तरी पोटावरची ही लघवीची पिशवी काही सुटत नाही, लघवी मात्र दाट होते. मूत्राशय काढल्यावर डॉक्टरांनी लहान आतड्याचा १५-२० सेंटिमीटरचा तुकडा घेतला, त्याला दोन्ही किडन्यांकडून येणाऱ्या नळ्या जोडल्या आणि त्याचं तोंड पोटावर काढलं, तोच हा स्टोमा. तिथे लघवी साठून राहत नाही, सतत येत राहते. ती पातळ आणि वाहती राहिली तर जंतूंना ठाण मांडायला सवड मिळत नाही. पिशवीतले पांढरे धागे बघून तुम्ही घाबरला होतात ना? तो आतड्याचाच चिकट स्राव. आतडं लघवीच्या वाटेवर आलं तरी त्याचं जुनं काम करतंय. पाणी कमी पडलं की तोही घट्ट होतो. दिवसाला दोन लिटर असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं.

भीती रात्रीची आहे, हे मला कळतं. पहिल्या आठवड्यात पहाटे गादी भिजली, तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ पाठ फिरवून बसला होतात. बाबा, त्या दिवशी चूक माझी होती. टाके निघाल्यावर स्टोमा हळूहळू आकसतो, सहा-आठ आठवडे त्याचं माप बदलत राहतं. मी मात्र पिशवी कातडीला चिकटवायच्या चकतीचं भोक जुन्याच मापाने कापलं. कडेची कातडी उघडी राहिली, लाल झाली आणि चकती सुटली. आता दर वेळी माप घ्यायचं आणि भोक दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवायचं. कातडीला तेल, क्रीम काही नको.

आणि ती रात्रीची मोठी पिशवी कपाटातून काढा! दोन लिटर मावतात तिच्यात. जोडण्याआधी पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्या, म्हणजे नळीत हवा अडकत नाही. नळीला पीळ नको, पिशवी पलंगापेक्षा खाली हवी. आई, मग तुला रात्री दोनदा गजर लावून उठायला नको. तुझी झोप गेलीय, हे तू सांगत नाहीस, पण आवाजावरून कळतं.

पिशवी बदलायची वेळ सकाळचीच ठेवा, उठल्यावर, काही प्यायच्या आत. तेव्हा लघवी कमी येते. मी गॉजची गुंडाळी स्टोमाच्या तोंडाशी धरायचे आणि तुम्ही भिंतीकडे बघत राहायचात. मी निघायच्या आदल्या दिवशी मात्र तुम्ही मान खाली घातलीत, पहिल्यांदाच नीट बघितलंत आणि म्हणालात, "गालाच्या आतल्या बाजूसारखं आहे की गं." मला तेव्हा फार बरं वाटलं. तो असाच लाल आणि ओलसर असायला हवा. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नका. हात लावला तरी त्याला दुखत नाही. पण तो काळा-जांभळा पडला, ताप आला किंवा कमरेच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं, तर माझ्या फोनची वाट बघू नका, तडक डॉक्टरांना गाठा. आणि लघवी तपासायची असेल तर नमुना पिशवीतला देऊ नका, तो स्टोमातूनच घ्यायला सांगा.

फिरायला जाणं बंद का केलंत? पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, मग ती जड होऊन ओढत नाही आणि कपड्यांवरूनही कळत नाही. तुम्ही जात नाही म्हणून आईही घराबाहेर पडत नाही.

पुढच्या महिन्यात मी येतेय. त्या सकाळी आरसा मी धरेन, चकती तुम्ही लावायची.

तुमची,
लेक