छोट्या इंग्रजी शब्दांचा मोठा पसारा

माननीय संपादक महोदय,

परवा फोंड्याच्या बाजारात एका कॉलेजकुमाराने मित्राच्या नव्याकोऱ्या दुचाकीला ‘सिक’ म्हटले, तेव्हा गाडी बिघडली असावी अशी माझी समजूत झाली. प्रत्यक्षात ‘आजारी’ अशा अर्थाचा हा शब्द तरुणांच्या बोलीत ‘एकदम झकास’ म्हणून वावरतो, हे मागाहून उमगले. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती आणि त्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ दिलेले होते, पुढे कोशाची सुधारणा होताना ‘रन’ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले. नाक वाहते, दुकान चालवले जाते, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, या साऱ्यांना तो एकच शब्द पुरतो. आपले ‘लागणे’ही काही कमी नाही म्हणा: भूक लागते, लग्न लागते आणि अनमोडच्या घाटात गाडीही लागते! मुलांकडून मात्र अजूनही एका शब्दासमोर एकच अर्थ पाठ करून घेतला जातो आणि मग साधा उतारा वाचतानाही ती अडखळतात. शिक्षकांनी अशी निदान दहा-बारा क्रियापदे वाक्यांतून शिकवावीत, ही विनंती.

– एक वाचक, फोंडा