पिंट्या, गिअरबॉक्स खोलू नकोस

प्रिय पिंट्या,

तुझ्या एमजीबीच्या मागनं 'ठक्' आवाज येतो हा तुझा मेसेज वाचला, व्हिडिओ तर कानाला हेडफोन लावून चार-पाचदा ऐकला आणि मग त्या गॅरेजवाल्यानं दिलेलं एस्टिमेट बघितलं तर चहा घशातच अडकला मर्दा. गिअरबॉक्स ओव्हरहॉल, क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) नवीन, क्लच प्लेट नवीन, वर लेबर वेगळं. गाडीखाली कोण झोपलं होतं का अजून? नाही ना? मग हे सगळं लिहिलं कशाच्या जिवावर? त्याला आडवं बोलत बसू नकोस, फक्त सांग की जरा थांबा, कोल्हापूरला विचारून सांगतो.

आता नीट ऐक. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे काय आजची गाडी नाही, १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनला बनलेली, इंजिन पुढं, ताकद मागच्या चाकाला, मधे लांब प्रॉपेलर शाफ्ट, आणि इंजिनपासून टायरपर्यंत जेवढे जोड तेवढ्या जागी थोडाथोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. मिरजेला मालगाडी सुटताना कसं एकेक कप्लिंग ताणत खट् खट् खट् करत आवाज शेवटच्या डब्यापर्यंत जातो, तसंच. कुठलाच जोड एकटा फार खराब नसतो पण सगळ्यांची बेरीज होते आणि तुला सीटच्या मागं एकच मोठा 'ठक्' ऐकू येतो. म्हणून आवाज कुठून येतोय यापेक्षा प्ले कुठं किती आहे हे बघायचं, आणि ते बघायचं चाकाकडून इंजिनाकडं, कारण मागचं तपासायला फुकट आहे आणि पुढचं खोलायला लाखाचं.

आधी एक सांग, आवाज नक्की कधी येतो? स्पीडब्रेकरवर येत असेल तर हा विषयच वेगळा, मग पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि शॉकअपच्या लिंका बघायच्या. पण तू म्हणतोस फर्स्टला सोडताना, रिव्हर्स टाकताना आणि थर्डमध्ये ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की येतो, म्हणजे लाईन बरोबर पकडलीस. ब्रेक मारल्यावर पण येतो का ते मात्र तू लिहिलंच नाहीस, आणि मला तर तेच पहिल्यांदा पाहिजे होतं.

कारण तुझ्या गाडीला तारांची चाकं आहेत. दिसायला नाद खुळा, पण ही चाकं नटबोल्टवर नसतात, हबच्या (ॲक्सलच्या टोकाच्या तुंब्याच्या) दातांवर बसतात आणि मधल्या एकाच मोठ्या स्पिनरनं आवळली जातात. स्पिनर जरा ढिला राहिला किंवा वर्षानुवर्षं ग्रीस लागलं नाही की हबचे आणि चाकाचे दात एकमेकांना खातात. असं कर. मागचं एक चाक जॅकवर उचल, खाली स्टँड लाव (नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही, सांगून ठेवतो), पुढच्या चाकांना ठोकळे लाव, आणि वहिनींना सीटवर बसवून ब्रेक कचकचून दाबायला सांग. आता चाक दोन्ही हातांनी पुढंमागं हलव. ब्रेकनं हब धरलेला आहे, म्हणजे चाक हबवर फिरता कामा नये. शू प्लेटवर जरासे सरकतात तेवढं हलणं सोडून दे, पण चाक हलतंय आणि हब जागेवरच, असं डोळ्याला दिसलं तर निम्मा आवाज तिथंच सापडला. मग चाक काढून दात बघ. दाताचं टोक सपाट असलं पाहिजे. टोकदार झालेले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे, एकच नवीन घातलं तर जुना नव्याला खातो. असा दात ब्रेक मारताना पण वाजतो, म्हणून तुला ब्रेकचं विचारलं.

दुसरा नंबर क्रॉसचा. प्रॉपेलर शाफ्टला पुढं एक मागं एक, असे दोन युनिव्हर्सल जॉइंट, त्यांनाच आपण क्रॉस म्हणतो. गाडी घरंगळणार नाही अशी सोय झाली की न्यूट्रल करून खाली जा, शाफ्ट एका हातानं धर, फ्लँज (जॉइंटला बोल्टनं जोडलेली चकती) दुसऱ्या हातानं, आणि उलटंसुलटं पिळ. क्रॉसमध्ये शाफ्ट आणि फ्लँज वेगवेगळे हलता कामा नयेत, अगदी जरासं पण नाही. कपाच्या कडेला तपकिरी-लाल भुकटी दिसली तर बघायची पण गरज नाही, आतले नीडल बेअरिंग कोरडे पडून गंजलेत, क्रॉस बदलून टाक. जाता जाता फ्लँजचे चारी नट पण पाना लावून बघ, हे नट सैल आणि मालक गिअरबॉक्सच्या मागं, असं हमखास होतं.

आता गंमत. तू शाफ्ट पिळशील आणि तो चांगला वीस अंश फिरेल, आणि तू घाबरशील. घाबरू नकोस. या गाडीच्या डिफ्रन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचा) रेशो ३.९ आहे, क्राउनला ४३ दात, पिनियनला ११. म्हणजे शाफ्टवरचे वीस अंश चाकावर जेमतेम पाच होतात. तुझ्या गॅरेजवाल्यानं बहुतेक हाच शाफ्ट हलवून 'क्राउन-पिनियन गेलंय साहेब' म्हटलं असणार. क्राउन-पिनियन गेलं की गाडी बहुतेक वेळा रडते, ठराविक स्पीडला ऊंऽऽ असा आवाज काढते. तुझी रडत नाही, ठोकते. ठोकण्याचं कारण बहुतेक वेळा डिफ्रन्शियलच्या आतले छोटे गिअर, म्हणजे स्टार पिनियन, आणि त्यांच्या मागचे वॉशर.

माझ्या गाडीचं अगदी हेच निघालं. मागचं कव्हर खोललं, तेल काढलं, आणि स्टार बोटानं हलवले तर खुळखुळ वाजत होते. त्यांच्या मागं तांब्याचे खोलगट वॉशर असतात, ते झिजून कागद झाले होते, एकाचा तर तुकडा तळाला पडला होता. वॉशर इंग्लंडहून सहज मिळतात, स्वस्त आहेत. पण स्टार ज्यावर फिरतात ती मधली क्रॉस पिन उद्यमनगरात माझ्या ओळखीच्या टर्नर मामांना दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नख फिरवलं पिनवरून. नख अडकलं. मला म्हणाले, "बाळासाहेब, वॉशर कितीबी घाला, ही पायरी हाय तवर ठोकणार." मग ईएन ३६ स्टीलची नवीन पिन टर्न करून, केस हार्डन (वरचा थर कडक) करून, ग्राइंड करून दिली. हे सगळं कोल्हापुरात एका रस्त्यावर होतं बघ, उद्यमनगरचं म्हणून कौतुक.

तुझी ७१ ची रोडस्टर आहे म्हणजे मागं बोल्टचं सपाट कव्हर असणारच, ट्यूब टाइप ॲक्सल. यात हाफ शाफ्ट (डिफ्रन्शियलपासून चाकाकडं जाणारे) थोडे बाहेर ओढले की कव्हरमधूनच वॉशर बदलता येतात, क्राउन-पिनियनचं सेटिंग हलवावं लागत नाही. हे तुझ्या माणसाला ठणकावून सांग. सेटिंग एकदा हललं की मग खरंच रडायला लागेल.

एवढं झाल्यावर पण थोडा ठक् उरला तर मग इंजिन-गिअरबॉक्सचं फाउंडेशन (ज्या रबरांवर ते बसतं) बघ, रबर दबलेलं असलं की अख्खं इंजिन मागंपुढं डुलतं. आणि आयडल. दोन्ही एसयू कार्बोरेटर नीट जुळलेले नसतील आणि आयडल चढं असेल तर रिव्हर्स टाकताना चांगल्या गाडीचा पण ठक् होतो. आणि राग मानू नकोस, तू पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच असा सोडतोस की म्हशीला पण झटका बसेल. माझी गाडी बालिंगा सोडून गगनबावड्याच्या रस्त्याला थर्डमध्ये घालून सोड-दाब करून बघितली, आता नुसता हलका टक् येतो, तो राहणारच, सगळा प्ले शून्य करायचा म्हटलं तर गिअर एकमेकांत दाबून तापतील.

तर आधी ब्रेकवाली टेस्ट कर, त्याचा व्हिडिओ पाठव, चाकाचा आणि हबचा जोड फ्रेममध्ये पाहिजे, वहिनींचा चेहरा नको. स्पिनर सोडवायला तांब्याचा हातोडा घे, लोखंडी मारलास तर क्रोम उडेल. आणि दसऱ्याला इकडं ये, तुझी क्रॉस पिन झिजलेली निघाली तर घेऊन ये, टर्नर मामांकडं देऊ आणि दसरा चौकात बसू.

तुझाच,
बाळ्या

ता.क. गिअरबॉक्सला त्यांना ९० नंबरचं गिअर ऑईल ओतू देऊ नकोस. या गाडीच्या गिअरबॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईलच लागतं, ९० फक्त मागच्या ॲक्सलला. आत्तापर्यंत काय ओतलंय ते पण विचार.