टायरचा भुगा आणि 28 दिवसांचा आकडा

संपादक महोदय,

जुन्या टायरचा भुगा घातलेलं काँक्रीट 28 दिवसांच्या चाचणीवरून ‘टिकाऊ’ ठरवणारा आपला लेख वाचला. काँक्रीटच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, ताकद मोजायला दाबून फोडण्याचंच काम केलं, म्हणून राहवलं नाही.

साधा 150 मिमीचा क्यूब भार चढत गेला की कडा उडवत फुटतो. रबराचा मात्र भेगाळतो, जरा फुगतो, पण तुकडे एकमेकांना धरून राहतात. बघणारा तिथेच भुलतो. ताकदीचा आकडा पाहावा तर साध्या क्यूबपेक्षा कमी! रबराचं आणि पाण्याचं जमत नाही. सिमेंट त्याला नीट चिकटत नाही, कणाभोवती हवेची बारीक फट राहते. भुगा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून धुतला तर पकड थोडी सुधारते, एवढंच.

दुसरी गफलत वजनाची. रबर वाळूच्या निम्म्याहून हलकं. दहा किलो वाळूऐवजी दहा किलो भुगा घातला तर तो दुपटीहून जास्त जागा खातो. बदल घनफळाने करायचा असतो. आमच्याकडे एका नवख्या मुलाने तो वजनाने केला, वर काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटरही जास्त वेळ धरला. साचा उघडला तर माथ्यावर वर तरंगून आलेल्या भुग्याचा बोटभर काळा थर.

पण माझी खरी तक्रार ‘टिकाऊ’ या शब्दाबद्दल आहे. लेखात तो ओतल्यानंतर 28 दिवसांनी क्यूब फोडून मिळालेल्या निकालावरून आला आहे, आणि तो आकडा ताकदीचा आहे. पाणी, क्षार आणि हवा किती आत शिरतात, सळई कधी गंजू लागते, हे त्यातून कळत नाही. भुग्याचं प्रमाण वाढलं की त्याच फटींतून त्यांना वाट मिळते. रबर स्वतः कुजेल ही भीती मला तेवढी वाटत नाही. आत ना ऊन पोचतं ना ओझोन. बर्फाच्या मुलुखात तर थोडा भुगा उपयोगीच पडतो, गोठून फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळते. पदपथाच्या लाद्या, रस्त्याकडेचे कठडे यांत तो खुशाल घाला. खांब-तुळयांत मी घालणार नाही.

जुन्या नमुन्याचा तुकडा फोडून ताज्या कापावर फिनॉल्फ्थेलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं, की सळईला गंजापासून वाचवणारी अल्कली जिथे शाबूत तिथे गुलाबी रंग येतो. हवेने अल्कली संपवलेली बाहेरची कड कोरीच राहते. पाच-दहा वर्षं उघड्यावर राहिलेल्या रबरी काँक्रीटमध्ये ही कोरी कड किती मिलिमीटर आत गेली होती, तेवढं पुढच्या लेखात छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ