सही करून टाकली आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा हवापाण्यावर येतात, म्हणून लिहूनच कळवते. इथल्या कामावर आणखी तीन वर्षांसाठी सही केली आहे. काम तेच, डुकरांच्या पिल्लांना जुलाब करणारे विषाणू. बदली घेताना बाबांनी कुणाला विचारलं होतं, ते मी काढत नाही. आत्याला नुसतं 'विषाणूंवर संशोधन' सांगा, डुकरं राहू द्यात.

आई, तुझी भीती आधी. हा पीईडी, म्हणजे डुकरांच्या जुलाबाच्या साथीचा विषाणू, कोरोनाच्या कुळातला खरा, पण माणसांना होत नाही. 1970 च्या दशकात युरोपात आढळला, 2013 मध्ये अमेरिकेत शिरला. आजारी पडली ती डुकरंच. उलट आमच्यापासून त्यांना जपायचं असतं. शेडमध्ये शिरताना आंघोळ, निघताना आंघोळ, कपडे-बूट तिथलेच. आंघोळीसाठी माझ्यामागे धावायचीस ना, बघ आता!

बाबा, जुलाबात एवढं शिकण्यासारखं काय, असं विचारलंत. पिल्लं आठवड्याच्या आतली असली तर वेतातली बहुतेक सगळी जातात. लहान आतड्याचं अस्तरच झडतं. दूध पोटात जातं पण अंगी लागत नाही. मोठ्या डुकराचं अस्तर पटकन भरून येतं, पिल्लाला तेवढी सवड मिळत नाही. परवा एक हातात घेतलं होतं. मागचे पाय ओले, पोट खपाटीला. कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, इतकं पाणी आटलेलं. आई, तू रात्रभर चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत बसली होतीस. तुला वाटतं मला आठवत नसेल. आठवतं.

डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, मिळतच नाहीत. मिळतात ती चिकातून, मग रोजच्या दुधातून. म्हणून लस द्यायची ती गाभण आईला. पण नुसती टोचून भागत नाही. तिच्या आतड्याला विषाणूची ओळख आधी झालेली असेल, तर दुधातलं संरक्षण चांगलं उतरतं. आतड्यापासून आचळापर्यंतची ही वाट मला शोधायची आहे. अर्ध्यात सोडून आले असते तर घरी बसून चिडचिडच केली असती, आणि ती तुम्हालाच सोसावी लागली असती.

खोलीत ऊन येतं, हीटर चालू आहे, वेळेवर जेवते. खरंच जेवते.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघा दुखत असताना माळ्यावर चढायचं नाही, ते डबे तिथेच राहू देत. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या येण्यावर ठेवू नका. सही केली म्हणजे रजा मिळत नाही असं नाही. त्या आठवड्यात मी तिथे असेन. डॉक्टरांनी तारीख दिली की त्याच दिवशी मेसेज करा, मला तिकीट काढायचं आहे.

तुमची,
चिमी