हायडेलबर्गचं नक्की केलंय

आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहितेय. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रोटीनच्या कामाला मी हो कळवलंय, सहीसुद्धा झाली. आता बाबांच्या प्रश्नाबद्दल, की कॉम्प्युटरवरचंच काम आहे तर आपल्या माडीवर बसून का नाही होत.

निम्मं होतं बाबा, खरंच. प्रोटीन म्हणजे २० प्रकारच्या मण्यांची माळ, ती आपोआप गुंडाळते आणि तो आकार जमला तरच काम करते. तुमच्या इन्सुलिनमध्ये दोन माळा मिळून ५१ मणी. डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंना त्याचा आकार काढायला १९६९ उजाडलं, तीस वर्षांच्या वर गेली त्यात. आता अल्फाफोल्ड नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम मण्यांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज देतो, २०२२ पासून २० कोटींच्या वर आकार फुकट बघायला मिळतात, २०२४ चं केमिस्ट्रीचं निम्मं नोबेलही याच कामाला गेलं. आणि निघालेला आकार शक्य कोटीतला आहे का ते आजही आपल्या मद्रासच्या रामचंद्रनांच्या १९६३ च्या आलेखावर तपासतात (आधी सांगितलंय, पण तुम्ही खूश झाला होतात म्हणून परत).

पण शेवटी तो अंदाज. खात्री असेल तिथे गडद निळा रंग, नसेल तिथे नारिंगी, आणि माझ्या प्रोटीनचा जो तुकडा मला हवाय नेमका तोच नारिंगी. शिवाय औषध चिकटलं की प्रोटीन हलतं, आकार बदलतं, ते सगळं कॉम्प्युटरला अजून नीट जमत नाही. मग खरं प्रोटीन बनवायचं, गोठवायचं आणि मोठ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचं. ते मशिन माडीवर चढणार नाही, जिन्यात कपाटाचं काय झालं होतं आठवा. बंगळूरला आहे मशिन, पण माझ्या प्रोटीनवर काम करणारे लोक तिकडे आहेत आणि बंगळूरहून तरी कुठे मी रोज घरी येणार होते.

आई, खोलीत हीटर आहे, स्वयंपाकघर आहे, तूरडाळ मिळते. भडंग कमी तिखट कर, रूममेटही खाणार.

आता ऐका. इन्सुलिनची नवी पेनं फ्रिजच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये अजिबात नाही, आणि उन्हाळ्यात पिशवीत टाकून बाजारात फिरवायची नाहीत. उष्णतेनं किंवा गोठून त्याचा आकारच बिघडतो आणि मग टोचूनही उपयोग नाही, माझ्या एवढ्या शिक्षणाचा एवढा तरी फायदा घ्या. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ४० फूट ऐकलं की विश्रामबागला मावशीकडे जायचं, लाइट जायच्या आधी, औषधं बर्फाच्या डब्यात घेऊन, पेन बर्फाला चिकटू द्यायचं नाही. २०१९ च्या पुरासारखं "आपल्या दारात नाही येत" नको. सायकलच्या दांडीवर बसवून पाणी किती चढलं ते दाखवायला पुलावर न्यायचात ना बाबा, तेव्हा मला तुमच्याइतका शहाणा माणूस दुसरा वाटायचा नाही. अजूनही वाटत नाही, फक्त गुडघ्यांच्या बाबतीत सोडून.

तर मुंबईला विमानतळावर यायचा हट्ट नको. स्वारगेटच्या गाडीपर्यंत सोडा, तेवढं बास. आणि सोमवारी शुगर करून रिपोर्टचा फोटो पाठवा, आईला पाठवायला सांगा, तुम्ही अर्धाच काढता.

तुमची,
चिमी