कात्री लावण्याआधी ऐक

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या माहितीपटाचा २२ मिनिटांचा रफ कट, म्हणजे पहिले कच्चे संकलन, मिळाला. तो आधी पाहिला आणि नंतर पडदा झाकून नुसता ऐकला. फोनवर तू "कसा झालाय?" असे विचारलेस, तेव्हा मी "लिहून कळवते" एवढेच म्हणाले, ते उत्तर टाळायचे म्हणून नव्हे. संकलनाविषयी तोंडी बोलू लागले की "इथे जरा लांबले, तिथे जरा आखूड झाले" यापलीकडे गाडी जात नाही, आणि मला तुझ्याशी त्याहून खोलात शिरून बोलायचे आहे. पुस्तकबांधणी करणाऱ्या त्या वयस्क कारागिरांना तू शोधून काढलेस, त्यांचा विश्वास संपादन केलास आणि कॅमेरा त्यांच्या हातांवरून ढळू दिला नाहीस, या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यांच्या कामात सहसा एकत्र दिसत नाहीत. अडचण आहे ती कापण्यात, आणि त्यातही चित्रापेक्षा आवाजात अधिक.

मी आयुष्यभर नभोवाणीसाठी ध्वनिसंकलन केले, तेव्हा आई आवाजाचीच बाजू घेणार असे तुला वाटेल, आणि ते खरेही आहे. तरीही हे लक्षात घे की हलणारे किंवा थोडे अंधारे चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण बोलणारा काय म्हणतो आहे हे कळेनासे झाले की त्याचे लक्ष उडते आणि पुन्हा जागेवर येत नाही. तुझ्या दुसऱ्या मुलाखतीत ते मोठ्याने हसतात तिथे आवाज फाटला आहे. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही वरची भिंत असते. तिच्यावर गेलेला आवाज सपाट कापला जातो, आणि तो दुरुस्त करणारी साधने निघाली असली तरी ती फार तर मलमपट्टी करतात. म्हणून साध्या बोलण्याची उंच टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन (आवाज आत घेण्याची पातळी) ठेवावा, म्हणजे अचानक आलेल्या हसण्याला वर जागा उरते. २४ बिटवर ध्वनिमुद्रण केलेस तर आवाज थोडा हळू आला तरी नंतर निर्धास्त वाढवता येतो. फाटलेला मात्र मागे आणता येत नाही.

दहाव्या मिनिटानंतर ओठ आणि शब्द एकमेकांपासून सुटू लागतात, हे तुझ्याही लक्षात आले असेल. सुरुवातीला सगळे जुळलेले आणि पुढे हळूहळू सरकत गेलेले दिसले की पहिला संशय फोनवर केलेल्या चित्रणाचा घ्यावा. बरेच फोन स्थिर फ्रेम रेटने, म्हणजे सेकंदाला ठरावीक इतक्याच चित्रचौकटींनी, चित्रण करत नाहीत. उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण पाहून तो मधूनच कमीजास्त करतात. असे फुटेज टाइमलाइनवर घेण्याआधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. एका फ्रेमची चूक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, पण ती साठत गेली की बोलणारा माणूस खोटा वाटू लागतो, आणि असे का वाटते हे प्रेक्षकाला सांगताही येत नाही. वेगळ्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करशील तेव्हा ते ४८ किलोहर्ट्झवर कर, कारण चित्रपटाच्या कामात तोच आकडा रूढ आहे. शिवाय प्रत्येक टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव. त्या टाळीचा आवाज आणि तळहात एकमेकांना भिडल्याची फ्रेम जुळवली की सिंकचे काम क्षणात होते.

कोणते सॉफ्टवेअर शिकू, हे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुझ्या कामाला पुरून उरेल. संगणक जुना असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घे, आणि नुसत्या आवाजासाठी ऑडॅसिटी आहेच. तुझ्या वर्गात यावरून रणे माजतात असे तू लिहितेस, पण त्या वादात मला तरी काही हशील दिसत नाही. मूळ फाइल्सच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी, हा नियम मात्र सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी पाळ. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले चित्रण तासाला ४५ गिगाबाइट जागा खाते, हा हिशेब डिस्क घेतानाच करावा. इतके जड फुटेज संगणकाला पेलवत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे त्याच फाइल्सच्या हलक्या प्रती, बनवून त्यांवर काम कर आणि अखेरच्या एक्स्पोर्टला मूळ फाइल्स जोडून घे. आणि फाइलींना 'अंतिम', 'अंतिम नवी', 'खरोखर अंतिम' अशी नावे देणे आता थांबव. तारीख घाल, म्हणजे झाले.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येते. मी काम सुरू केले तेव्हा आवाज फितीवर असे. ती फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असे, त्यामुळे एका सेकंदाची शांतता म्हणजे वीतभर फीत, आणि ती खरोखर हातात धरता येई. जिथे कापायचे तिथे पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, फीत खाचेत बसवायची आणि ब्लेड तिरके चालवायचे. तिरके अशासाठी की सरळ कापले तर जोडावर 'टक्' असा आवाज येण्याचा धोका अधिक असे. तिरक्या कापात एक आवाज विरत असताना दुसरा उगवतो. तुझ्या सॉफ्टवेअरमधला क्रॉसफेड ही त्या तिरक्या कापाचीच पुढची पिढी आहे. मुलाखतीतल्या प्रत्येक कटवर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड दिलास तर तुझ्या कटमध्ये जागोजागी ऐकू येणारी ती टकटक जवळजवळ नाहीशी होईल.

पण टकटक ही वरवरची गोष्ट झाली. तू त्यांच्या वाक्यांमधले श्वास, "म्हणजे", "तर" आणि लहानमोठे थांबे इतक्या निगुतीने वेचून काढले आहेस की एवढा जुना कारागीर बातम्या वाचाव्यात तसा बोलतो. जिथे थांबा मुळीच काढता आला नाही, तिथे तू आवाजच पूर्ण बंद केला आहेस, आणि त्या क्षणी खोलीही नाहीशी होते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंखा, खिडकीबाहेरचा रस्ता, दुसऱ्या खोलीतले पाणी या सगळ्यांचा मिळून एक पोत असतो, आणि तो तुटला की कानाला ठेच लागते. म्हणून चित्रण संपल्यावर सगळ्यांनी आपापल्या जागी स्तब्ध राहून, दिवे-पंखे होते तसेच ठेवून मिनिटभर रूम टोन मुद्रित करायचा असतो. तुझ्याकडे तो नाही असे दिसते. हरकत नाही, मूळ मुलाखतीत ज्या थांब्यांमध्ये कोणी बोलत नाही असे तुकडे गोळा कर, ते क्रॉसफेडने एकमेकांना जोड आणि ती पट्टी सगळ्या मुलाखतीखाली वेगळ्या ट्रॅकवर अंथर. टेबलाला धक्का लागल्याची घरघर असेल तर ८० हर्ट्झच्या खालचा भाग फिल्टरने काढून टाक. नॉइज रिडक्शनचा हात मात्र आखडता ठेव. ते जास्त झाले की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, आणि त्यापेक्षा पंख्याचा आवाज शतपटीने बरा.

त्यांना तू विचारतेस, "तुमच्यानंतर हे काम कोण करणार?" आणि ते लगेच म्हणतात, "बघू." तुझ्या कटमध्ये हा प्रसंग दोन सेकंदांत आटोपतो आणि ते उत्तर बेफिकीर वाटते. तू सोबत पाठवलेल्या मूळ फाइलमध्ये मी तीच जागा काढून ऐकली. प्रश्नानंतर ते सुमारे सहा सेकंद काहीच बोलत नाहीत. मेण लावलेला दोरा कागदातून ओढला जाताना येणारा तो बारीक, लांबट आवाज येतो, मग थांबतो. ते पुस्तक टेबलावर ठेवतात, पाठीवरून एकदा अंगठा फिरवतात, आणि मग "बघू" म्हणतात. माझ्या फितीवर ही शांतता हातभराहून लांब भरली असती आणि ती कापून जमिनीवर टाकताना मी नक्की थबकले असते. तुझ्या टाइमलाइनवर ती बोटभर रिकामी जागा दिसली आणि तू ती मिटवून टाकलीस. शब्द तेच राहिले, पण उत्तर बदलले. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शतकापूर्वी दाखवून दिले होते की चेहरा एकच असला तरी त्याला जोडलेले पुढचे चित्र बदलले की प्रेक्षक त्यावर वेगळा भाव वाचतो. आवाजाच्या बाबतीत तर जोडलेल्या शांततेनेही हेच घडते.

याच मुद्द्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सोळाव्या मिनिटाला, नव्या यंत्रांविषयीच्या तुझ्या प्रश्नावर ते म्हणतात, "त्याचा मी कधी विचारच केला नाही." मूळ फाइलमध्ये हे वाक्य मजुरीविषयीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. मध्ये हातांचा एक सुंदर क्लोजअप टाकून तू तो सांधा झाकला आहेस, त्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही. कटअवेने, म्हणजे मध्ये असे दुसरे चित्र टाकून, सांधे झाकणे यात वावगे काही नाही. लांबलचक उत्तर आखूड करताना सगळेच संकलक ते करतात, आणि तू बी-रोल (मुलाखतीखेरीजचे पूरक चित्रण) भरपूर घेतलास हे फार चांगले केलेस. पण आखूड करणे वेगळे आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे वेगळे. ज्यांचा हा आवाज आहे त्यांनी तो कट ऐकला तर "हो, मी असेच म्हणालो होतो" असे ते म्हणतील का, एवढाच निकष मी नेहमी लावत आले. ते वाक्य तुला काढावे लागेल, आणि त्याने प्रसंग लंगडा होत असेल तर पुन्हा जाऊन त्यांना यंत्रांविषयी सरळ विचारावे लागेल.

यासाठी मुलाखती कागदावर उतरवून घे. कंटाळवाणे काम आहे, मला माहीत आहे. वेळेच्या नोंदीसह, थांबे आणि हसणेही कंसात टिपून सगळे उतरवलेस म्हणजे कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे डोळ्यांसमोर राहते, आणि कागदावरच क्रम लावून पाहता येतो. कागदावर भारदस्त दिसलेले वाक्य कानाला पोकळ लागते आणि अडखळत बोललेले अर्धे वाक्य काळजाला हात घालते, असे पुष्कळदा होते. तेव्हा निवड कागदावर सुरू कर, पण संपव ती हेडफोन लावून.

पार्श्वसंगीताविषयी मी कठोर लिहिणार आहे. तो उदास पियानो काढून टाक. त्याने दोऱ्याचा आवाज गिळला आहे, आणि कागदाच्या गठ्ठ्याची कड कापली जाते तो करकरीत आवाजही गिळला आहे. प्रेक्षकाने कुठे हळवे व्हायचे याची सूचनाही तो वेळेआधीच देऊन टाकतो. त्याऐवजी हेच आवाज पुढच्या प्रसंगाचे दार उघडायला वापर. ते अजून आपल्या वडिलांविषयी बोलत असतानाच कागद कापण्याचा आवाज हलकेच सुरू होऊ दे, आणि दोन सेकंदांनी चित्र कार्यशाळेत जाऊ दे; यालाच 'जे (J) कट' म्हणतात. उलट, चित्र हातांवर गेले तरी त्यांचे वाक्य मागे पुरे होत राहिले तर तो 'एल (L) कट'. तुझ्या कटमध्ये आवाज आणि चित्र प्रत्येक ठिकाणी एकदमच बदलतात, म्हणून २२ मिनिटे असूनही ती लांब वाटतात. तुझे निवेदनही निम्मे कमी होईल. ते खळ लावत आहेत हे दिसत असताना ते सांगायची गरज नाही.

आता कामाचा क्रम सांगते. आधी सिंक नीट कर, मग मुलाखतीची नुसती ध्वनिपट्टी बांध आणि ती चित्राशिवाय शेवटपर्यंत ऐकवते का ते पाहा. त्यानंतरच कटअवे बसव. पिक्चर लॉक करण्याआधी, म्हणजे चित्राचे संकलन कायम करण्याआधी, त्यांना कट दाखव. लॉक झाल्यावर दाखवणे हा नुसता उपचार ठरतो. आवाजाचे अखेरचे मिश्रण लॉकनंतर कर, आणि महोत्सवाने किंवा वाहिनीने आवाजाची पातळी ठरवून दिली असेल तर ती आधी विचारून घे. युरोपीय प्रसारणात ती उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा जोर मोजण्याचे एकक) असते, तर इंटरनेटवर बहुधा उणे १४च्या आसपास धरली जाते. मिश्रण हेडफोनवर झाले की साध्या फोनच्या स्पीकरवरही एकदा ऐक.

पुढचा कट पाठवशील तेव्हा आधी फक्त त्याची ध्वनिफाइल पाठव, चित्र मी आठवड्याने मागेन. "बघू"च्या आधीची शांतता सहाच्या सहा सेकंद ठेवायची की चार, हे मला विचारू नकोस. मूळ फाइल रात्री सगळे निजल्यावर ऐक आणि तूच ठरव.

तुझी,
आई