लाँगबोर्ड: बेअरिंग नंतर, आधी बुशिंग बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा उघडायला जूनची अखेर उजाडते. तोवर सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर भल्या पहाटे लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, घेतलेले पोट्टे दिसत राहतील. उतरू नका म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि आम्ही स्वतः हा खेळ खेळतो, तेव्हा तसं म्हणायचा अधिकारही नाही. तक्रार आहे ती खरेदीबद्दल. डेकवरची, म्हणजे पायाखालच्या फळीवरची, चित्रं आणि चाकातल्या बेअरिंगवरचा आकडा बघून पैसे मोजले जातात. बोर्ड वेगात सरळ राहणार की शेपूट हलवणार हे ज्यावर ठरतं, त्या अंगठ्याएवढ्या गादीचं, बुशिंगचं, नावही दुकानात निघत नाही.

आधी उताराचा हिशेब. रस्ता केवढा लांब यापेक्षा तो उंचीत किती खाली येतो ते पाहायचं. पाच मीटर म्हणजे दोन मजली घराइतकीही उंची नाही; पण तेवढी उतरली तरी, घर्षण आणि वारा सोडला तर, वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत जातो. दहा मीटरला ५०. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. पण वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, आणि हे गणित खालच्या चौकात कळून उपयोग नाही.

वेगात बोर्ड डावी-उजवीकडे थरथरू लागतो, त्याला वॉबल म्हणतात. दोष बहुधा मागच्या ट्रकचा. (ट्रक म्हणजे डेकखालचा, चाकं धरणारा आणि झुकून वळणारा धातूचा भाग.) तयार बोर्डाचे दोन्ही ट्रक सहसा ५० अंशांचे असतात (अंश जास्त तितका ट्रक जास्त वळतो), म्हणजे मागचाही पुढच्याइतकाच वळतो. त्यात घाबरलेला माणूस मागे झुकतो. मग ट्रॉलीत सगळा माल मागे भरल्यावर ती ट्रॅक्टरमागे जशी डोलते, तसं होतं. म्हणून वजनाचा साठ-सत्तर टक्के भार पुढच्या पायावर ठेवा आणि गुडघे वाकवा. मागे ४० अंशांची किंवा त्याहून कमी अंशांची बेसप्लेट (ट्रक डेकला जोडणारा तळभाग) मिळाली तर फारच उत्तम. थरथर सुरू झालीच तर पाय ताठ करायचे नाहीत. पुढच्या पायावर आणखी दाब द्यायचा आणि उभं राहून हात पसरायचे. वाराच बराच वेग खातो.

बुशिंग म्हणजे ट्रकच्या मधल्या बोल्टवर, किंगपिनवर, बसणारी युरेथेनची गोल गादी. तिचा कडकपणा ए मापात मोजतात; आकडा मोठा तितकी गादी कडक. साठ-पासष्ट किलोच्या मुलाला उतारासाठी ८७-ए ते ९०-ए, मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन अंकांनी कडक, आकार शक्यतो बॅरलचा, म्हणजे सरळ नळकांड्यासारखा. बोर्डासोबत येणारी बुशिंग बहुतेकदा मऊ असतात, मग पोट्टे नट आवळत सुटतात. गादी पोट फुगल्यासारखी बाहेर येते, ट्रक आधी हलतच नाही आणि हलला की एकदम झुकतो. वॉशर हाताने फिरायचा थांबला की त्यापुढे अर्धा, फार तर एक फेरा. त्याहून जास्त लागत असेल तर कडक बुशिंग घ्या. पाना मात्र नीट बघून आणा. चाकाच्या नटाला १३ चा चालतो. किंगपिनच्या नटाला ९/१६ इंचीच हवा, १५ चा पाना घसरून नटाची टोकं गोल करतो.

बेअरिंगवरचा आकडा मापाच्या अचूकपणाचा असतो, वेगाचा नव्हे. दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारी छोटी नळी) आणि बाहेर स्पीड रिंग (पातळ वॉशर) आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. तेल शिलाई मशीनचं, दोन थेंब. खोबरेल तेल घालणारेही आहेत. डिसेंबरात बाटलीत गोठतं तेच तेल बेअरिंगमध्येही गोठतं!

चाकांच्या बाबतीत नागपूरचा प्रश्न वेगळा आहे, कारण इथे सिमेंट रस्ते आहेत. डांबरावर ७० मिलिमीटरचं, ७८-ए ते ८०-ए कडकपणाचं चाक छान घसरतं. सिमेंटच्या आडव्या रेघोट्यांवर तेच चाक धरतं, सुटतं, पुन्हा धरतं आणि पटापट झिजतं. घसरताना चाकाची कड सांध्यात अडकली की बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढे जातो. म्हणून स्लाइडचा, म्हणजे बोर्ड आडवा घसरवून वेग मारण्याचा, सराव डांबरी रस्त्यावरच करा. पांढरे पट्टे दव पडल्यावर काचेसारखे होतात. वळणाच्या आतल्या कडेला गिट्टीची चुरी साचते. उतरण्याआधी सगळा रस्ता एकदा पायी चढून बघा.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. मोटरसायकलचं आयएसआय मार्कचं चालेल, पण दुकानातच खाली वाकून, मान पुढे काढून बघा. वरची कड डोळ्यांवर येत असेल तर ते नको. एकदा जोरात आपटलं की आतला फोम दबतो, तो पुन्हा फुगत नाही, हेल्मेट बदला. हातमोजे वेल्डिंगचे चामडी घ्या आणि तळव्यावर स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कटिंग बोर्डाच्या, किमान १२ मिलिमीटर जाड चकत्या वेल्क्रोने बसवा. पातळ चकती घासून तापते आणि वेल्क्रोचा गोंद सुटतो.

थांबण्याची पहिली रीत पायाने. सगळं वजन पुढच्या वाकलेल्या पायावर, मागच्या पायाचा पूर्ण तळवा आधी हलका, मग हळूहळू जड टेकवायचा. टाच आधी टेकली की पाय झटक्याने मागे ओढला जातो. ताशी तीसच्या पुढे याचा भरवसा नाही. तिथे स्लाइड लागते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या क्लिफ कोलमन यांनी १९७० च्या दशकात रुळवलेली त्यांच्या नावाची स्लाइड आजही पहिली शिकवली जाते. पूर्ण खाली बसा, पाठीकडे वळा, पुढच्या पायाच्या बाजूचा हात मागे चकतीवर टेकवा, दुसरा हात वळणाच्या दिशेने फिरवा आणि मागच्या टाचेने बोर्ड आडवा ढकला. वजन चाकांवरच ठेवायचं. हातावर गेलं की बोर्ड पायाखालून निसटतो. ताशी वीसच्या आत शिकायला जाल तर चाकं घसरण्याऐवजी धरतात. तोच तो नव्वद अंशांचा आडवा स्लाइड सारखा केला तर चाकाला सपाट डाग पडतात आणि बोर्ड खडखडतो.

रामटेकच्या गडाचा रस्ता मोहात पाडतो, पण तिथे भाविक, वाहनं आणि वानरं तिन्ही वळणावरच भेटतात. त्यापेक्षा महापालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी रविवारी पहाटे साडेपाच ते साडेसहा शहरातला एखादा डांबरी उतार वाहनांना बंद ठेवावा आणि आदल्या दिवशी झाडून घ्यावा, एवढीच विनंती. तोवर वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर कोणी उतरणारच असेल, तर खालच्या वळणावर एक जण उभा हवा. त्याचा हात वर असेल तरच वरच्याने बोर्डवर पाय ठेवावा.

आपले,
उतारावर लाँगबोर्ड चालवणारे काही जण, नागपूर